रबरी नळीचा सिद्धान्त

कोंबडीचे ताजे अंडे फोडून बशीत ओतले तर पिवळ्या बलकावर एक फिकट, पांढुरका ठिपका दिसतो. त्याची रुंदी तीन-चार मिलिमीटर असते, आणि न्याहारीच्या घाईत त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. अंडे फलित असेल तर त्या ठिपक्यात हजारो पेशी एका पातळ चकतीसारख्या पसरलेल्या असतात. त्या चकतीला डोके नसते, पाठ नसते, पोट नसते. तरीही तेच अंडे उबेला ठेवले की दीड दिवसाच्या सुमारास तिच्यात हृदयाची पहिली हालचाल सुरू होते, तिसऱ्या दिवशी एक लाल, उडता बिंदू नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो आणि एकविसाव्या दिवशी कवच फोडून पिलू बाहेर येते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने उबेला ठेवलेली अंडी क्रमाक्रमाने फोडून हा उडता बिंदू पाहिला होता आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले होते.

पाहणे झाले, उलगडा मात्र झाला नाही. सपाट चकतीतून भरीव देह उभा राहतो तो कशाच्या बळावर? श्रोत्यांनी स्वयंपाकघरातील करंजी आठवावी, जिला गोव्यात नेवरी म्हणतात. लाटलेली पारी सपाट असते. ती दुमडायला आणि तिच्या कडा जुळवायला करणारीचे हात लागतात. गर्भाची पारी दुमडायला बाहेरून कोणाचेही हात येत नाहीत. ती स्वतःच दुमडते, स्वतःच आपल्या कडा जुळविते आणि त्या जुळलेल्या कडांमधून मेंदू व मज्जारज्जूही सिद्ध होतो. हे कसे घडते, या प्रश्नाने गेली अडीचशे वर्षे शास्त्रज्ञांत वाद पेटत ठेवला आहे. त्या वादात एका माणसाची रबरी नळीवरून फार थट्टा झाली. या कथेचा नायक तोच आहे. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातील बहुतेक विद्वानांनी हा प्रश्न मोठ्या सोयीस्कर रीतीने निकालात काढला होता. त्यांच्या मते नवे काही घडतच नाही. सर्व अवयव अंड्यात आधीपासून सूक्ष्म रूपाने असतात आणि पुढे फक्त मोठे होतात. इटलीतील बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६७० नंतरच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली न उबविलेल्या अंड्यातही पिलाची रेखा पाहिली, हा या मताला मोठाच पुरावा वाटला. मात्र ते अंडे ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यातले होते, आणि कोंबडीवाचून हवेच्या उष्म्यानेच त्याची वाढ सुरू झाली असावी, ही गोष्ट त्या वेळी कोणी मनावर घेतली नाही! आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही याच प्रश्नाची चर्चा आहे. गर्भात प्रथम डोके होते, हृदय होते की नाभी, अशी निरनिराळ्या आचार्यांची मते देऊन तेथे शेवटी धन्वंतरीचा निर्णय दिला आहे तो असा की सर्व अंगे एकदमच होतात. बांबूच्या कोंबाप्रमाणे किंवा कोवळ्या आंब्याप्रमाणे ती सूक्ष्म असल्यामुळे वेगळी दिसत नाहीत, एवढेच.

या समजुतीला पहिला जोराचा धक्का दिला तो बर्लिनच्या एका शिंप्याच्या मुलाने. कास्पार फ्रीडरिख वोल्फ हे त्याचे नाव. १७५९ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने आपल्या प्रबंधात असे प्रतिपादन केले की अवयव आधीपासून नसतात, ते नव्याने घडतात. त्या काळचे थोर शरीरशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी यावर आक्षेप घेतला. बलकाभोवतीचे आवरण आणि पिलाचे आतडे एकमेकांना सलग जोडलेले दिसतात. मग बलक आधी असेल तर आतडेही आधीचेच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. वोल्फने उत्तरादाखल आतड्याचाच अभ्यास हाती घेतला. बर्लिनमध्ये त्याला प्राध्यापकाची जागा मिळू शकली नव्हती. १७६७ साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांच्या निमंत्रणावरून तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तेथील अकादमीच्या ग्रंथांत त्याचे आतड्याविषयीचे विवेचन प्रसिद्ध झाले. कोंबडीच्या गर्भात आतडे प्रथम नळीच्या रूपात नसतेच, असे त्याने दाखविले. आधी एक सपाट पापुद्रा असतो. त्याच्या कडा खाली वळतात, एकमेकींजवळ येतात आणि जुळतात. मग त्याची नळी होते. कापडाच्या पट्टीची बाही होताना शिंप्याच्या घरातल्या मुलाने अनेकदा पाहिले असेल. या दृष्टीची शिदोरी त्याला घरातूनच मिळाली होती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याला पुरावा नाही.

वोल्फचे लिखाण लॅटिनमध्ये होते आणि ते दीर्घकाळ धूळ खात पडले. १८१२ साली त्याचे जर्मन भाषांतर झाले, आणि नंतर ख्रिस्तियन पांडर यांनी १८१७ मध्ये व कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२८ मध्ये गर्भाच्या पापुद्र्यांचा पाया पक्का केला. बाहेरच्या पापुद्र्यापासून त्वचा व मज्जासंस्था, मधल्यापासून स्नायू, हाडे व रक्त, आतल्यापासून अन्नमार्गाचे अस्तर, ही आज शाळेच्या पुस्तकांत आढळणारी मांडणी त्या परंपरेतून आली. काय होते ते आता ठाऊक झाले. पापुद्रे का दुमडतात, हे विचारणारा माणूस अद्याप यावयाचा होता.

तो माणूस म्हणजे विल्हेल्म हिस. त्यांचा जन्म १८३१ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. तेथे आणि १८७२ नंतर जर्मनीत लाइप्झिग येथे ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. हिस हे हाताने काम करणारे शास्त्रज्ञ होते. गर्भाचे कागदाहून पातळ काप एकामागून एक अचूक काढता यावेत म्हणून त्यांनी मायक्रोटोम नावाचे यंत्र सिद्ध केले. प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, मोजावयाचा, मोठा करून रेखाटावयाचा, आणि त्या रेखाटनांवरून मेणाची प्रतिकृती उभी करावयाची, अशी त्यांची पद्धत होती. चित्रात गर्भ सपाट दिसतो; मेणाची प्रतिकृती घडविताना प्रत्येक घडी, प्रत्येक फुगवटा बोटांखालून जातो. या मेहनतीमुळेच असेल, हिस यांना गर्भाकडे एक लवचीक वस्तू म्हणून पाहण्याची सवय लागली.

कोंबडीच्या गर्भावरील त्यांचा ग्रंथ १८६८ मध्ये निघाला आणि १८७४ मध्ये ‘आपली शरीराकृती’ अशा अर्थाच्या नावाचे, एका शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रांच्या स्वरूपातले पुस्तक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गर्भाची चकती सर्वत्र सारख्या वेगाने वाढत नाही. एक भाग झपाट्याने वाढतो, शेजारचा मागे राहतो. पण दोन्ही एकाच पापुद्र्याचे भाग असल्यामुळे जास्त वाढलेल्या भागाला जागा पुरत नाही. मग तो वर उचलला जातो, खाली दबतो किंवा त्याला घडी पडते. ओलसर भिंतीवर डकविलेला कागद जसा फुगून येतो, तसेच हे. हे समजावून सांगण्यासाठी हिस यांनी घरगुती वस्तूंचा उपयोग केला. एका बाजूने चिरलेली रबरी नळी वाकविली की वाकलेल्या जागी चीर फाकते, आणि तिथे होणारा आकार गर्भाच्या मेंदूच्या मागील भागातील आकाराशी जुळतो, हे त्यांनी दाखविले. हातापायांच्या जागा समजावताना त्यांनी दुमडलेल्या पत्राच्या चार कोपऱ्यांची उपमा दिली.

हे पुस्तक निघाले त्या काळी जर्मन जीवशास्त्रावर येना येथील एर्न्स्ट हेकेल यांचे साम्राज्य होते. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा त्यांच्याइतका तेजस्वी प्रचारक जर्मनीत दुसरा नव्हता. गर्भ आपल्या वाढीत पूर्वजांचा इतिहास थोडक्यात पुन्हा गिरवितो, आणि हा वंशेतिहासच गर्भाच्या आकाराचे कारण होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. हिस यांचा त्यावर साधा प्रश्न होता: पूर्वज माशासारखा होता हे मान्य केले, तरी आज, या अंड्यात, या पापुद्र्याला घडी घालणारे बळ कोणते? वंशावळ पाठ असल्याने घर बांधून होत नाही. त्यासाठी वीट, चुना आणि गवंडी लागतो. हिस यांनी त्याच पुस्तकात हेकेल यांच्या गर्भचित्रांच्या खरेपणावरही ठपका ठेवला, आणि मग या वादात नम्रतेला जागा उरली नाही.

हेकेल यांची लेखणी धारदार होती. १८७५ मध्ये त्यांनी हिस यांच्या उपपत्तीला ‘रबरी नळीचा सिद्धान्त’, ‘पाकिटाचा सिद्धान्त’ अशी नावे ठेवली. यांच्या मते निसर्ग म्हणजे एक हुशार शिंपीण. ती पापुद्रे कापते, ओढते, दुमडते आणि प्राणी शिवून देते, अशी त्यांनी खिल्ली उडविली. वाचक हसले. हेकेल यांच्या ग्रंथांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. हिस यांची पत्रे तज्ज्ञांच्या कपाटातच राहिली. तरी त्यांनी हेका सोडला नाही. १८८८ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे गेलेल्या लेखात त्यांनी पुन्हा बजावले की आनुवंशिकतेचे नाव घेतल्याने काम संपत नाही. ती कोणत्या यांत्रिक साधनांनी काम करते, ते दाखविले पाहिजे.

येथे एका कौटुंबिक योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हिस यांच्या बहिणीचा मुलगा फ्रीडरिख मीशर याने १८६९ साली, जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातील पेशींमधून एक नवाच पदार्थ वेगळा केला आणि त्याला ‘न्यूक्लीन’ असे नाव दिले. तेच पुढे डीएनए म्हणून जगाला माहीत झाले. या संशोधनात मामांनी भाच्याला सतत उत्तेजन दिले, आणि भाचा १८९५ मध्ये क्षयाने वारल्यावर त्याचे लेख १८९७ साली ग्रंथरूपाने काढण्यातही त्यांचा हात होता. आनुवंशिकतेचे द्रव्य भाच्याच्या हाती लागले होते आणि ज्या बळांनी ती आनुवंशिकता प्रत्यक्षात उतरते त्यांचा शोध मामा घेत होते. दोन्ही टोके एकाच घरात होती! ती जुळावयास मात्र शंभरावर वर्षे जावी लागली.

हिस यांचे सगळेच बरोबर होते असे नव्हे. १८८५ साली विल्हेल्म रू यांनी कोंबडीच्या गर्भातून मज्जासंस्थेची पट्टी, म्हणजे जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू होतात ती, कापून कोमट मिठाच्या पाण्यात ठेवली. शेजारचे पापुद्रे ढकलतात म्हणून ती दुमडत असेल, तर सुटी केल्यावर तिने सपाट राहावयास हवे होते. ती स्वतःच वळली. म्हणजे बळ बाहेरच्या रेट्यात नसून त्या पट्टीच्या पेशींतच होते. रू यांनी या नव्या अभ्यासाला ‘विकासाचे यंत्रशास्त्र’ असे नाव देऊन १८९४ साली त्यासाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू केले. हिस १९०४ मध्ये लाइप्झिग येथे निवर्तले.

आता या विषयाला वेग यावयाचा, तो एका चमकदार शोधामुळे त्याची वाटच बदलली. फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मानगोल्ड ही तरुणी संशोधन करीत होती. न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या गर्भात, जेथून पेशी आत वळू लागतात त्या छिद्राच्या वरच्या ओठाचा एक कण तिने काढला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसविला. त्या ठिकाणी दुसरी पाठ, दुसरा मज्जारज्जू, जवळजवळ दुसरा जीवच उभा राहिला. त्यात नव्या कणापेक्षा यजमान गर्भाच्याच पेशी अधिक होत्या; त्या कणाने त्यांना कामाला लावले होते. १९२४ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी घरातील शेगडीच्या स्फोटात भाजून हिल्डे मानगोल्ड मरण पावली. तिचे वय पंचवीस होते, पदरी लहान मूल होते. १९३५ चे नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान यांना मिळाले.

त्या कणात हुकूम सोडणारे कोणते रसायन आहे, याचा शोध घेण्यात पुढील पिढी गुंतून गेली. शिजविलेल्या ऊतींनी काम होते, मेलेल्या ऊतींनी होते, फार काय, १९३६ मध्ये मिथिलीन ब्लू या साध्या रंगानेही होते असे आढळले, तेव्हा शोधणारेच गोंधळले. हुकूम कोण देतो याचीच चौकशी चालू राहिली. हुकूम पाळून माती उपसणाऱ्या मजुरांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तरीही काही थोडे लोक पाहत होते. वाल्टर फोख्ट यांनी गर्भाला इजा न करणाऱ्या रंगांचे ठिपके लावून कोणता भाग कोठून कोठे प्रवास करतो याचा नकाशा १९२९ मध्ये पुरा केला. त्यावरून असे दिसले की गर्भाची पहिली मोठी घटना म्हणजे वाढ नव्हे, स्थलांतर होय. पेशींचे पत्रेच्या पत्रे सरकतात, ताणले जातात, कडेवरून आत उतरतात. योहानेस होल्टफ्रेटर यांनी १९४० नंतरच्या दशकात, आत उतरणाऱ्या पेशी बाटलीसारख्या लांबट होऊन मागच्यांना ओढतात, असे वर्णन केले. १९५५ मध्ये त्यांनी टाउन्स यांच्यासह बेडकांसारख्या उभयचरांच्या गर्भातील पेशी सुट्या करून मिसळून टाकल्या. त्या आपापल्या जातीप्रमाणे पुन्हा वेगळ्या झाल्या, त्वचेच्या बाहेर आणि मज्जेच्या आत. तेल आणि पाणी वेगळे होते तसे हे एकमेकांना चिकटण्याच्या कमीजास्त बळामुळे घडते, असे माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६३ मध्ये मांडले. भारतातही या विषयाचा धागा आहे. एडिंबरोला वॅडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीचा गर्भ कवचाबाहेर, काचेच्या बशीत वाढवून त्यावर प्रयोग करण्याची परंपरा पुणे विद्यापीठात रुजविली.

पट्टी स्वतःच कशी वळते, या रू यांच्या कोड्याचे उत्तर वॉरेन ल्युइस यांनी १९४७ मध्ये पितळी पट्ट्या आणि रबरी बंद जोडून केलेल्या एका नमुन्याने सुचविले. रबर पुन्हा आले ते असे! पेशींची एक बाजू आवळली तर त्या पाचरीसारख्या होतात, आणि शेजारी शेजारी पाचरी रचल्या की कमान होते. पुढे १९६० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या आवळणाऱ्या तोंडाशी बारीक तंतूंचे जाळे दिसले. बटव्याचे बंद ओढले की त्याचे तोंड जसे मिटते, तसे हे तंतू पेशीचे तोंड आवळतात. हे तंतू ज्या प्रथिनांचे बनलेले असतात त्यांच्याच जोरावर आपला दंड आखडतो. आणखी एक रीत अमेरिकेत रे केलर यांनी बेडकाच्या गर्भात उलगडून दाखविली. पेशी दोन्ही बाजूंनी मध्याकडे येऊन एकमेकींच्या फटीत शिरतात, आणि त्यामुळे सबंध पत्रा अरुंद व लांब होतो. शाळेच्या पटांगणावर चार रांगांच्या दोन रांगा केल्या की रांग लांबते. गर्भाची पाठ लांबते ती याच हिशेबाने.

हा सर्व खटाटोप केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. मानवी गर्भात मज्जेची पट्टी दुमडून तिची नळी होणे चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पुरे होते. त्या वेळी पुष्कळ आयांना दिवस गेल्याची खात्रीसुद्धा पटलेली नसते. वरच्या टोकाशी नळी उघडी राहिली तर मेंदू व कवटी घडत नाहीत आणि ते मूल जगत नाही. खाली पाठीशी उघडी राहिली तर स्पायना बिफिडा हे व्यंग होते, आणि पुष्कळदा पायांतील शक्ती जन्मापासूनच गेलेली असते. असे मूल झाले की घरात पूर्वी कोणाच्या तरी नावाने दोष काढला जाई. आईने ग्रहण पाहिले, आईने काही ओलांडले! वास्तविक घडलेले असते ते इतकेच की दोन कडा वेळेवर जुळल्या नाहीत. १९९१ मध्ये सात देशांतील तेहतीस केंद्रांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड दिल्यास पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. गोळी आधीपासून का घ्यावयाची, याचे कारण त्या अठ्ठावीस दिवसांत आहे.

मामा आणि भाचा यांची टोकेही अखेर जुळली. आनुवंशिक द्रव्य हुकूम देते आणि पेशी ओढतात, एवढाच एकेरी व्यवहार नसतो, असे दिसून आले. फ्रान्समध्ये एमानुएल फार्ज यांनी २००३ साली फळमाशीचे गर्भ हलकेच दाबले, तेव्हा एरवी एका ठराविक पट्ट्यातच जागे असणारे एक जनुक त्या दाबाने इतरत्रही जागे झाले. जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उंदराच्या गर्भावरून जाणारा द्रवाचा बारीक प्रवाह उलट दिशेने वाहविला, आणि शरीराची डावी-उजवी बाजूच उलटी झाली. बळ हे नुसते मजूर नव्हे. तेही हुकूम सोडते.

राहता राहिले वोल्फचे आतडे. पापुद्र्याची नळी होते हे त्याने दाखविले होते. पण ती नळी पोटात वेटोळी का घेते? एका जातीच्या प्राण्यांत वेटोळ्यांचा क्रम जवळजवळ सारखाच असतो, तेव्हा ती जागा अपुरी पडून कशीतरी कोंबली जाते असे म्हणता येत नाही. २०११ साली अमेरिकेत हार्वर्ड येथील क्लिफर्ड टॅबिन व मूळचे भारतीय असलेले एल. महादेवन यांच्या गटाने याचा छडा लावला. कोंबडीच्या गर्भातील आतडे ज्या पातळ पडद्याने पाठीला बांधलेले असते, तो पडदा त्यांनी आतड्यापासून कापून वेगळा केला. आतडे सरळ झाले आणि पडदा आखडला. नळी भराभर वाढते, पडदा तितका वाढत नाही. ताणलेले इलॅस्टिक कापडाला शिवून सोडले की झग्याला चुण्या पडतात, तसाच प्रकार होता. हे पडताळून पाहण्यासाठी त्यांनी लाटेक्सचा एक पातळ पत्रा ताणून धरला आणि त्याच्या कडेला, सुईदोऱ्याने, एक रबरी नळी शिवली. मग ताण सोडला. नळीने आतड्यासारखीच वेटोळी घेतली.